वाचकांचे प्रश्न : बोसॉनच्या जोड्या आणि सिद्धान्ताचा कस

गेल्या अंकातील हिग्ज बोसॉनवरच्या लेखात एक विधान ओझरते येऊन गेले होते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील आजच्या कामाचा मोठा हिस्सा नवा कण शोधण्याचा नसून, ओळखीच्या बोसॉनच्या जोड्या किती आणि कशा जन्मतात हे काटेकोरपणे मोजण्याचा आहे, असे त्यात म्हटले होते. लेखातील इतर कोणत्याही मजकुरापेक्षा या एका विधानावर अधिक पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : डब्ल्यू आणि झेड हे बोसॉन १९८३ मध्येच सापडले आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी नोबेल पारितोषिकही दिले गेले. मग चाळीस वर्षांनंतर त्यांच्या जोड्या मोजत बसण्याचे प्रयोजन काय? एकट्या कणातून जे कळत नाही ते जोडीतून कसे कळते?
– एक निवृत्त विज्ञानशिक्षक, सातारा

उत्तर : सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून ज्या कणांना बोसॉन म्हणतात, त्यांत निसर्गातील बले वाहून नेणारे कण येतात. विद्युतचुंबकीय बलाचा फोटॉन, प्रबळ बलाचे ग्लुऑन, आणि क्षीण बलाचे धन व ऋण डब्ल्यू आणि विद्युतभार नसलेला झेड हे ते कण होत. एकटा झेड जन्मतो आणि इलेक्ट्रॉन, म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) किंवा क्वार्क (प्रोटॉनचे घटक) यांच्या जोडीत मोडतो, तेव्हा बलवाहक कण द्रव्याच्या कणांशी कसा वागतो हे आपल्याला कळते. हा भाग सर्नच्या ‘लेप’ या यंत्रावरील चार प्रयोगांनी १ कोटी ७० लाख झेड तपासून फार बारकाईने मोजून ठेवला आहे. परंतु बलवाहक कण एकमेकांशी कसे वागतात हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर एकट्या झेडपाशी नाही.

अंधाऱ्या खोलीत दोन विजेऱ्यांचे झोत एकमेकांवर आडवे मारले, तर ते एकमेकांतून सहज निघून जातात. फोटॉन विद्युतभारित कणांनाच ओळखतो आणि त्याच्या स्वतःच्या अंगी विद्युतभार नाही, त्यामुळे एक फोटॉन दुसऱ्या फोटॉनची दखल जवळजवळ घेतच नाही. डब्ल्यूचे तसे नाही. त्याच्या अंगी विद्युतभारही आहे आणि क्षीण बलाचा भारही आहे. म्हणून डब्ल्यू, झेड आणि फोटॉन यांची एकमेकांशी थेट गाठ पडते. विद्युतचुंबकीय आणि क्षीण बलांना एका सूत्रात बांधणाऱ्या ग्लॅशो, वाइनबर्ग आणि सलाम यांच्या सिद्धान्तात ही गाठ किती घट्ट असावी याला कसलीही मोकळीक नाही. द्रव्याच्या कणांवरून बलांचे जोर एकदा मोजले, की बोसॉनच्या आपसांतल्या गाठीचा जोर सिद्धान्ताच्या सममितीनेच ठरून जातो. सिद्धान्ताला येथे सारवासारव करता येत नाही, आणि मला वाटते, परीक्षा घ्यायची तर ती अशाच ठिकाणी घ्यावी.

आता दुसरे कारण, जे माझ्या मते अधिक सुंदर आहे. ज्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात आज प्रोटॉनांच्या टकरी घडवणारे एलएचसी हे यंत्र आहे, त्याच बोगद्यात १९८९ ते २००० या काळात लेप यंत्र इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडवत असे. एका डब्ल्यूचे वस्तुमान सुमारे ८०.४ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ८०.४ जीईव्ही आहे. तेव्हा त्याची जोडी जन्माला घालायची तर टकरीत निदान १६१ जीईव्ही ऊर्जा हवी, आणि ती मजल लेपने १९९६ मध्ये गाठली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्यापासून डब्ल्यूची जोडी तीन वाटांनी तयार होऊ शकते. पहिल्या वाटेत मध्ये न्यूट्रिनो या विद्युतभार नसलेल्या अतिशय हलक्या कणाची देवघेव होते, दुसरीत मध्ये फोटॉन येतो, तिसरीत झेड येतो. क्वांटम यांत्रिकीत या तीन वाटांच्या संभाव्यता सरळ मिळवत नाहीत. आधी प्रत्येक वाटेचा आयाम त्याच्या चिन्हासकट मिळवायचा आणि मग त्या बेरजेचा वर्ग घ्यायचा, असा नियम आहे. पहिली वाट एकटीच धरली, तर ऊर्जा वाढेल तसे जोड्यांचे प्रमाण वाढतच जाते आणि पुढे कधीतरी संभाव्यता एकाहून अधिक येऊ लागते, म्हणजे उत्तर निरर्थक होते. दुसरी आणि तिसरी वाट विरुद्ध चिन्हाने येऊन ही वाढ कापून काढतात.

सराफाच्या काट्याच्या दोन्ही पारड्यांत किलो-किलोची वजने ठेवली आणि काटा जवळजवळ मधोमध उभा राहिला, तर त्यांतल्या एका वजनात गुंजभर खोट असली तरी काटा लगेच कलतो. बोसॉनच्या जोडीत नेमके हेच घडते. मोठमोठ्या संख्या एकमेकींना छेदून जातात आणि उरते ती लहानशी बाकी. म्हणून गाठीच्या जोरात थोडासाही फरक असला तर तो बाकीत ठळक दिसतो, आणि ऊर्जा जितकी जास्त तितका अधिक ठळक दिसतो.

लेपच्या मोजणीचा आलेख हे लिहिताना माझ्यापुढे आहे. आडव्या अक्षावर १६० ते २१० जीईव्ही ऊर्जा आहे आणि उभ्या अक्षावर जोड्यांचे प्रमाण पिकोबार्न या एककात आहे. केवळ न्यूट्रिनोची वाट धरून काढलेली रेषा सरळ वर चढत जाते; तिच्यात फोटॉनची वाट मिळवली पण झेडची वगळली, तर रेषा थोडी खाली येते, तरीही चढतच राहते. तिन्ही वाटा धरल्यावर मात्र ती वळते आणि १७ पिकोबार्नच्या आसपास सपाट होते. मोजणीचे ठिपके या तिसऱ्या रेषेवर ओळीने बसले आहेत आणि सगळ्या ऊर्जा एकत्र धरल्या तर सिद्धान्त व मोजणी सुमारे एक टक्क्याच्या आत जुळतात. झेड आणि डब्ल्यू यांची थेट गाठ खरोखर असते, हे या वळणावरून डोळ्यांना दिसते. लेपवरील चार प्रयोगांपैकी एल-३ या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

प्रश्न : डब्ल्यू आणि झेड जन्मताच मोडतात असे आम्हाला शिकवले जाते. मग त्यांची जोडी मोजली जाते म्हणजे प्रत्यक्षात काय मोजले जाते?
– अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : हे कण सेकंदाच्या दहा हजार कोटी कोटी कोटी भागांपैकी काही भाग इतकाच काळ टिकतात, त्यामुळे त्यांना स्वतःला कोणी पाहत नाही, ते मोडून जे उरते त्याचा हिशेब मांडला जातो. सगळ्यांत स्वच्छ हिशेब दोन झेडच्या जोडीचा असतो. समजा, शोधकयंत्राच्या मध्यातून चार म्यूऑन निघाले. चुंबकीय क्षेत्रात त्यांच्या वाटा किती वाकल्या यावरून प्रत्येकाचा संवेग कळतो. त्यांच्या दोन जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीच्या संवेगांवरून मूळ कणाचे वस्तुमान काढायचे. दोन्ही वेळा उत्तर ९१ जीईव्हीच्या जवळ आले, तर आपण दोन झेडचे ठसे पाहत आहोत. अशा घटनेचे संगणकचित्र एकदा तरी अवश्य पाहावे. पोलादाच्या थरांमागून थर भेदून बाहेर पडणाऱ्या चार लांब रेषा त्यात दिसतात.

अडचण अशी, की अशा घटना विरळ असतात. एलएचसीत १३ लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या टकरींत दोन झेडच्या जोडीचे प्रमाण साधारण १७ पिकोबार्न आहे. २०१५ ते २०१८ या काळात अ‍ॅटलास आणि सीएमएस या प्रयोगांपैकी प्रत्येकाने इतक्या टकरी नोंदवल्या, की १ पिकोबार्न प्रमाणाची घटना त्यांत सुमारे १ लाख ४० हजार वेळा घडली असावी. या हिशेबाने प्रत्येक प्रयोगात २३-२४ लाख झेडजोड्या जन्मल्या. परंतु झेड इलेक्ट्रॉनच्या जोडीत किंवा म्यूऑनच्या जोडीत मोडण्याची शक्यता प्रत्येकी केवळ ३.४ टक्के असते. दोन्ही झेड असे मोडण्याची शक्यता त्यामुळे अर्ध्या टक्क्याहूनही कमी उरते, आणि २३-२४ लाखांतून हाती लागण्याजोग्या घटना दहा-अकरा हजार राहतात. त्यांतल्याही काही यंत्राच्या टोकांतून निसटतात.

दोन डब्ल्यूंच्या जोडीचे प्रमाण ११८ पिकोबार्नच्या घरात, म्हणजे झेडजोडीच्या सातपट आहे, तरी तिची मोजणी अधिक कठीण आहे, कारण इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन देऊन मोडणाऱ्या प्रत्येक डब्ल्यूबरोबर एक न्यूट्रिनो निसटून जातो. बाहेर पडलेल्या सगळ्या कणांच्या आडव्या दिशेच्या संवेगांची बेरीज शून्य यायला हवी. ती आली नाही, तर जो तुटवडा पडला तो न्यूट्रिनोंचा, असा अनुमानाचा मार्ग आहे. हा तुटवडा खरा असायचा तर बाकीचा एकही कण मोजणीतून सुटता कामा नये. सीएमएसच्या प्रचंड चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर कणांच्या वर्षावाची उरलीसुरली ऊर्जा टिपणारा जो बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर आहे, तो टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाला. आत न मावलेली ऊर्जा तेथे टिपली गेली नाही, तर खोटा तुटवडा दिसेल.

शेवटी, घटना मोजल्या तरी एकूण टकरी किती झाल्या हे माहीत नसेल तर प्रमाण काढता येत नाही. त्यासाठी दोन्ही झोत एकमेकांपासून पायरी-पायरीने बाजूला सरकवतात, टकरी कशा कमी होत जातात ते पाहतात, आणि त्यावरून झोतांची रुंदी काढतात. ही युक्ती सायमन व्हॅन डर मीर यांनी १९६८ मध्ये सुचवली होती. हे तेच व्हॅन डर मीर, ज्यांना डब्ल्यू आणि झेड यांच्या शोधासाठी कार्लो रुबिया यांच्यासह नोबेल मिळाले. अ‍ॅटलासने २०१५ ते २०१८ च्या टकरींची संख्या अशा पद्धतीने एक टक्क्याहूनही कमी अनिश्चिततेने निश्चित केली आहे, आणि हे काम मला नव्या कणाच्या शोधाइतकेच मोलाचे वाटते. तुम्हाला स्वतः हात घालून पाहायचे असेल, तर सीएमएसने २०१४ पासून आपली विदा (डेटा) टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुली केली आहे. चार म्यूऑनच्या घटना तीत तुम्हालाही सापडतील.

प्रश्न : २०१३ च्या सुमारास एलएचसीत डब्ल्यूच्या जोड्या सिद्धान्तापेक्षा जास्त निघाल्याचे वाचल्याचे आठवते. पुढे त्याविषयी काहीच ऐकू आले नाही. ती चूक होती की शोध?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली आठवण बरोबर आहे. ही हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण अचूक मोजणीने सिद्धान्ताची परीक्षा घेणे म्हणजे काय, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

एलएचसी त्या वेळी आधी ७ आणि मग ८ लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टवर चालत होती. सीएमएसच्या ८ वरील पहिल्या मोजणीत डब्ल्यूजोडीचे प्रमाण ६९.९ पिकोबार्न आले; सिद्धान्ताचा त्या वेळचा आकडा होता ५७.३. मोजणीतील सगळ्या अनिश्चितता एकत्र धरल्या तर त्या सुमारे ७ पिकोबार्न होत्या, म्हणजे हा एकटा फरक काही फार मोठा नव्हता. लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीने. अ‍ॅटलास आणि सीएमएस, ७ आणि ८, अशा सगळ्याच मोजण्या वरच्या बाजूलाच पडत होत्या. योगायोगाने चूक होते तेव्हा ती कधी वर, कधी खाली अशी होते. सगळे ठिपके एकाच बाजूला पडले, की एक तर निसर्ग काही सांगत असतो किंवा सगळ्यांच्या हिशेबात एकच खोट असते. सुपरसिमेट्री या, अजून पुरावा न मिळालेल्या सिद्धान्ताने वर्तवलेले हलके कण मोडून डब्ल्यूच्या जोड्या वाढवत असतील काय, अशी मांडणी करणारे शोधनिबंध लगोलग प्रसिद्ध झाले. ती मांडणी उथळ नव्हती. हाती असलेल्या आकड्यांशी ती सुसंगतच होती.

मग दोन दिशांनी काम झाले. पहिली दिशा गणिताची. प्रोटॉनच्या टकरीतील प्रमाण नेमके काढता येत नाही. प्रबळ बलाच्या वाढत्या घातांची एक मालिका मांडावी लागते आणि तिची एकेक पायरी क्रमाने सोडवत जावे लागते. ५७.३ हा आकडा मुख्यतः दुसऱ्या पायरीपर्यंतचा होता. तिसऱ्या पायरीसाठी अनेक वर्षे घालवावी लागतात, कारण तेथे टकरींचा हिशेब मांडणाऱ्या आकृत्यांतील वेटोळी दुहेरी होतात आणि मधले अनंत मोठे तुकडे एकमेकांशी छेदून घ्यावे लागतात. युरोपातील सिद्धान्तकारांच्या एका गटाने २०१४ मध्ये ही पायरी पार केली, आणि अपेक्षित आकडा वर सरकून ५९.८ झाला.

दुसरी दिशा अधिक बोधक होती. डब्ल्यूजोडीचा सर्वांत मोठा तोतया म्हणजे टॉप क्वार्कची जोडी. प्रत्येक टॉप मोडताना डब्ल्यू देतोच, आणि शिवाय एक बॉटम क्वार्क देतो, जो कणांच्या फवाऱ्याच्या रूपाने दिसतो. म्हणून प्रयोगकर्ते असा नियम घालतात, की ज्या घटनेत असा जोरदार फवारा दिसेल ती सोडून द्यायची. परंतु खऱ्या डब्ल्यूजोडीबरोबरही कधीकधी एखादा ग्लुऑन फवारा सोडतो, आणि अशी घटना उगाच बाद होते. किती खऱ्या घटना बाद झाल्या याचा अंदाज संगणकी नमुन्यांवरून घेऊन मोजणी तितकी वाढवावी लागते. त्या वेळच्या नमुन्यांत फवारा सुटण्याचे प्रमाण थोडे जास्त धरले गेले होते. त्यामुळे प्रत्यक्षात बाद झाल्या त्यापेक्षा जास्त घटना बाद झाल्याचे मानून आकडा फुगत होता. मंद ग्लुऑनांच्या असंख्य उत्सर्जनांची बेरीज नीट मांडली, तेव्हा ही खोट सापडली.

सीएमएसने सुधारलेल्या नमुन्यांनिशी आणि २०१२ ची सगळी विदा घेऊन २०१५ मध्ये पुन्हा मोजणी सादर केली. आकडा आला ६०.१, आणि समोर सिद्धान्ताचा ५९.८ होता.

तेव्हा ती चूक होती की शोध, या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की कोणीही निष्काळजीपणा केला नव्हता आणि नवा कणही सापडला नाही. मोजणी इतकी बारीक झाली होती, की तिने गणिताचा अपुरेपणा उघडा पाडला. सिद्धान्ताचा कस लावताना मोजणारा आणि गणित करणारा हे दोघेही सारखेच कसाला लागतात. नवे भौतिकशास्त्र सापडल्याचा दावा करण्याआधी जुने भौतिकशास्त्र पूर्णपणे वापरून झाले आहे काय, असे विचारण्याची सवय या क्षेत्राला या प्रकरणाने अधिक पक्की लावली.

प्रश्न : प्रत्येक मोजणी स्टँडर्ड मॉडेलशी, म्हणजे कणभौतिकीच्या प्रचलित सिद्धान्ताशी, जुळतच असेल, तर या खटाटोपातून नवे काही कधी हाती लागणार? आणि लागलेच, तर ते दिसेल कसे?
– महाविद्यालयीन प्राध्यापिका, पणजी

उत्तर : नवे दोन प्रकारांनी दिसू शकते. एक म्हणजे जोडीच्या वस्तुमानाच्या आलेखावर एखादे उंचवट्यासारखे टोक, ज्याचा अर्थ नवा जड कण जन्मून बोसॉनच्या जोडीत मोडला असा होतो. हिग्ज २०१२ मध्ये असाच, फोटॉनच्या जोडीत आणि झेडच्या जोडीत दिसला. अशी टोके फसवतातही. २०१५ च्या डिसेंबरात फोटॉनच्या जोड्यांत ७५० जीईव्हीपाशी दोन्ही प्रयोगांना एक उंचवटा दिसला, त्यावर शेकड्यांनी शोधनिबंध लिहिले गेले, आणि २०१६ च्या ऑगस्टपर्यंत नव्या विदेत तो विरून गेला. अनेक ठिकाणी शोध घेतला, की कुठेतरी योगायोगाने उंचवटा दिसणारच. म्हणूनच पस्तीस लाखांत एखादाच योगायोग मान्य करणारी पाच सिग्मांची अट घालून दिलेली आहे.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. नवा कण एलएचसीच्या आवाक्याबाहेर इतका जड असला, तरी त्याची सावली बोसॉनच्या गाठींवर पडते. ही सावली साधारणपणे टकरीची ऊर्जा भागिले नव्या कणाची ऊर्जा, या गुणोत्तराच्या वर्गाने वाढते. ऊर्जा दहापट केली तर परिणाम शंभरपट होतो. म्हणजे १०० जीईव्हीपाशी हजारात एक इतकी अचूक मोजणी करून जे कळेल, तेच १००० जीईव्हीपाशी दहा टक्के अचूकतेने कळते. त्यामुळे आलेखाच्या उंच ऊर्जेच्या टोकाशी, जेथे घटना थोड्याच उरतात, तेथे आज सर्वांचे डोळे लागलेले असतात. याच पद्धतीने झेडवरील अचूक मोजण्यांमधून टॉप क्वार्कच्या वस्तुमानाचा अंदाज तो १९९५ मध्ये अमेरिकेतील फर्मिलॅब प्रयोगशाळेत सापडण्याआधीच आला होता, आणि तो बऱ्याच अंशी खरा ठरला. तीन झेडची थेट गाठ किंवा दोन झेड आणि एका फोटॉनची थेट गाठ स्टँडर्ड मॉडेलमध्ये नाही. तेथे काही आढळले, तर ते सरळ नव्याचे चिन्ह असेल.

पारड्यांच्या समतोलाविषयी आधी लिहिले आहे. त्याचे टोकाचे उदाहरण डब्ल्यू आणि फोटॉन यांच्या जोडीत मिळते. दोन क्वार्कांच्या टकरीतून ही जोडी निघते तेव्हा एक कोन असा असतो, की त्या दिशेने सगळ्या वाटा एकमेकींना पूर्णपणे छेदतात आणि प्रमाण शून्य होते. हा कोन क्वार्कांच्या दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांश या विद्युतभारांवरून ठरतो, आणि डब्ल्यूचे चुंबकीय गुणधर्म सिद्धान्ताने सांगितल्याप्रमाणे असले तरच शून्य खरे शून्य येते. १९७९ मध्ये हे कागदावर मांडले गेले. फर्मिलॅबच्या डी-झीरो प्रयोगाने २००८ मध्ये त्या जागी आलेखात खोलगा दाखवला. इतर उत्सर्जनांमुळे शून्य थोडे भरून येते, पण खळगा जागच्या जागी आहे. सगळे जुळते म्हणून आपण उदास होऊ नये असे मला मनापासून वाटते. जेथे काहीच असू नये तेथे खरोखर काहीच नाही, हे पाहण्यातही निसर्गाची ओळख पटते.

प्रश्न : हिग्जमुळे डब्ल्यू आणि झेडला वस्तुमान मिळते असे आमच्या सरांनी सांगितले. हे बोसॉनच्या जोड्या मोजून तपासता येते का?
– इयत्ता अकरावीतील विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुझा प्रश्न या सगळ्या विषयाच्या गाभ्याला हात घालतो. प्रकाशाचे ध्रुवीकरण तू शिकली असशील. फोटॉनला वस्तुमान नाही आणि त्याचे कंपन पुढे जाण्याच्या दिशेला काटकोनात, म्हणजे दोनच प्रकारे होऊ शकते. वस्तुमान असलेल्या डब्ल्यू आणि झेडला मात्र तिसरा प्रकारही मोकळा असतो, तो म्हणजे पुढे जाण्याच्या दिशेतले कंपन. हा तिसरा प्रकार त्यांना हिग्ज क्षेत्राकडून मिळतो. म्हणून तिसऱ्या प्रकारच्या बोसॉनची जोडी पाहणे म्हणजे हिग्ज क्षेत्राचाच एक भाग पाहण्यासारखे आहे.

हिग्ज सापडण्याच्या पस्तीस वर्षे आधी, १९७७ मध्ये, ली, क्विग आणि थॅकर यांनी दाखवले, की अशा डब्ल्यूंची एकमेकांशी टक्कर हिग्जवाचून साधारण १००० जीईव्हीच्या पलीकडे निरर्थक उत्तरे देते. हिग्जची वाट मिळवली की वाढ छेदली जाते. दोन प्रोटॉनांतील क्वार्कांनी एकेक डब्ल्यू सोडावा आणि ते दोघे एकमेकांवर आदळावेत, अशा घटना फार विरळ असतात. सारख्याच विद्युतभाराच्या डब्ल्यूंच्या अशा टकरी सीएमएसने २०१७ मध्ये आणि अ‍ॅटलासने २०१८ मध्ये पाच सिग्मांहून अधिक खात्रीने दाखवल्या. डब्ल्यू आणि झेड यांच्या जोड्यांपैकी दोघेही तिसऱ्या प्रकारचे असतील अशा जोड्या सुमारे ७ टक्के असतात, हे अ‍ॅटलासने २०२२ मध्ये मोजले. मोडून निघालेल्या कणांचे कोन पाहून बोसॉनचे कंपन कोणते होते ते ओळखतात.

कोनांच्या या भाषेशी तुझ्या-माझ्या मातीतले एक नाव जोडलेले आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि आयआयटी मुंबईत शिकलेल्या रोहिणी गोडबोले यांनी डेव्हिड मिलर आणि मार्गारेट म्यूलाइटनर यांच्यासह २००७ मध्ये, हिग्ज सापडण्याच्या पाच वर्षे आधी, हिग्जपासून निघालेल्या झेडजोडीतील चार कणांच्या कोनांवरून हिग्जचे स्वरूप कसे ओळखावे याचे गणित मांडले होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे काम तू पुढे नक्की वाच.

प्रश्न : हिग्ज हाही बोसॉनच. मग हिग्जची जोडी मोजली आहे काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : अजून नाही. तिचे अपेक्षित प्रमाण १३ लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टवर सुमारे ३१ फेम्टोबार्न (एक फेम्टोबार्न म्हणजे पिकोबार्नचा हजारावा भाग), म्हणजे डब्ल्यूजोडीच्या साडेतीन हजारांहून अधिक पटींनी कमी आहे. २०१५ ते २०१८ च्या टकरींत प्रत्येक प्रयोगात अशा सुमारे ४,३०० जोड्या जन्मल्या असाव्यात. त्यांपैकी एक हिग्ज बॉटम क्वार्कांत आणि दुसरा दोन फोटॉनांत मोडतो अशा, ओळखायला सोप्या, जोड्या सुमारे अकरा. त्याही इतर टकरींच्या कोलाहलात.

येथेही छेदाचाच खेळ आहे. हिग्जची जोडी मुख्यतः दोन वाटांनी जन्मते. एका वाटेत टॉप क्वार्कचे वेटोळे दोन हिग्ज एकदम सोडते. दुसरीत ते एकच हिग्ज सोडते आणि तो पुढे दोन हिग्जमध्ये फुटतो. या वाटा विरुद्ध चिन्हांच्या आहेत, आणि प्रमाण इतके कमी असण्याचे ते एक कारण आहे. दुसऱ्या वाटेचा जोर हिग्ज स्वतःशी किती घट्ट बांधलेला आहे यावर ठरतो, आणि ही गाठ अद्याप थेट मोजली गेलेली नाही. तिचा जोर सिद्धान्ताने सांगितल्यापेक्षा वेगळा असला, तर पारडी हलतील आणि जोड्यांची संख्या बदलेल. उच्च प्रखरतेच्या एलएचसीसाठी सध्या चालू असलेल्या बांधणीचे उद्दिष्ट आजवर २०१५ ते २०१८ मध्ये मिळालेल्या टकरींच्या सुमारे वीसपट टकरी घडवण्याचे आहे. अकराचे दोनशेच्या वर व्हावेत एवढ्यासाठी.